व्याह्यांच्या घरचा एसी

आमचे हे एसी धुतात. विकत नाहीत, बसवत नाहीत, नुसते धुतात. आमच्याकडची हवाच अशी दमट की हा धंदा कधी बंद पडायचा नाही. डबीतलं मीठ पाझरतं, कपाटातल्या चपला हिरव्या होतात, आणि माझ्या इस्त्रीच्या दुकानात येणारा कपडा दिवसभर दोरीवर लटकून आला तरी शिवणीला ओलाच असतो. अशा हवेत लोक दारं-खिडक्या गच्च लावून एसी चालवतात. आतल्या पत्र्यांवर पाणी जमतं, खालच्या ट्रेमध्ये साचतं, आणि ज्या गोल पंख्यातून वारा बाहेर येतो त्याच्या पातीपातीवर काळी बुरशी धरते. वरून मशीन पांढरं स्वच्छ दिसतं. लोक त्या वाऱ्याखाली तोंड करून झोपतात आणि सकाळी उठून शिंकतात.

कामात ह्यांचा हात कुणी धरणार नाही, एवढं मी रागातसुद्धा म्हणेन. आधी मेन बंद. भिंतीला प्लॅस्टिक लावायचं, त्याचं तोंड खालच्या बादलीत सोडायचं. जाळी काढायची, झाकण काढायचं, वारा फिरवायची ती लांब पट्टी काढायची. औषध मारून थांबायचं, मग पंपानं पाणी. पात्या ब्रशनं एकेक करून घासायच्या. बादलीत जे उतरतं ते पाणी नसतं, काळा रबरबाट असतो. ती बादली हे गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरतात. "बघा. हे तुम्ही रोज रात्री ओढत होतात." गिऱ्हाईक तोंड फिरवतं. हे बादली तिकडे फिरवतात.

आणि मग तो तास. एसी धुऊन झाला की हे नुसता पंखा चालू ठेवतात, गारवा बंद. आतलं मशीन खडखडीत वाळायला तासभर लागतो. तो तास हे तिथेच बसून काढतात, कारण ह्यांची पाठ वळली की लोक रिमोट उचलून गारवा लावणार, आणि ओल्यावर गारवा लागला की बुरशी परत धरणार. गाडीवरून फिरणारी कंपनीची माणसं तेवढ्या वेळात दुसरं घर उरकतात. जाळी झटकायची, वासाचा फवारा मारायचा, की निघाले. आमचे हे मात्र खुर्ची मिळाली तर खुर्चीवर, नाहीतर पिशवीवर बसून मशीनकडे बघत राहतात. सगळी गल्ली ह्यांना 'तासवाले' म्हणते. तोंडावर म्हणते, ह्यांना त्याचं काही नाही.

लोकांना परका माणूस घरात तासभर नको असतो. एका बाईंनी ह्यांना जिन्यात बसवलं. थोड्या वेळानं ह्यांनी बेल वाजवली तर बाईंनी गारवा लावून दिलेला.

"बंद करा ते!" हे दारातूनच ओरडले.

"माझं घर, माझा एसी, माझी वीज. तुम्ही कोण सांगणारे?"

"आणि बुरशी? तीही तुमचीच ना? मग घाला पाळण्यात!"

त्या बाईंनी परत कधी बोलावलं नाही. अशी किती गिऱ्हाइकं तुटली त्याला गणती नाही. "ओल्या अंगावर कपडे चढवता का तुम्ही? मग ह्याच्यावर का चढवता?" हा ह्यांचा ठरलेला सवाल, तो पोलिसालाही केलेला आहे आणि डॉक्टरीणबाईंनाही. मी म्हणायचे, अहो, जिभेला जरा हाड असू द्या. हे म्हणायचे, "खोटं बोलून काम टिकवण्यापेक्षा खरं बोलून घरी बसेन." मला त्याचा अभिमान होता. होता म्हणतेय मी, नीट ऐका.

आम्हाला एकच लेक. बालवाडीत शिकवते. लग्न झालं ते मोठ्या घरात. व्याही साहेबाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, विहीणबाई टापटिपीच्या. जावई गरीब स्वभावाचा, म्हणजे आईपुढे तोंड न उघडणारा. त्या घरात जाड पडदे, बंद खिडक्या, आणि प्रत्येक खोलीत एसी. खिडकी उघडली की विहीणबाई हजर. "बाहेरची दमट हवा आत घेऊ नकोस गं." लेकीच्या खोलीत खिडकीला कपाटच लावलेलं, म्हणजे प्रश्नच मिटला.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा लेक फोनवर खोकायला लागली. आधी मधूनमधून, मग बोलता बोलता, मग अशी की वाक्य पुरं होईना. बालवाडीत पोरांना गाणी शिकवणारी माझी मुलगी, तिला दोन ओळी म्हणता येईनात. आणि विहीणबाई काय म्हणाल्या मला? "प्रकृती मुळातच नाजूक दिसते हो तिची. आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या मुलीला लहानपणी साधी सर्दी झाली तरी दुसऱ्या दिवशी सर्दीच उंबऱ्याबाहेर पळायची. म्हणे नाजूक! म्हणे आधी सांगायला हवं होतं! आजारी मुलगी फसवून गळ्यात बांधली, असंच म्हणायचं होतं बाईंना, फक्त ते गोड आवाजात म्हणाल्या.

आम्ही तिला बघायला गेलो. तिच्या खोलीच्या दारात हे थबकले. नाकपुड्या हलल्या. मी ओळखते ती हालचाल. मग ह्यांनी मान वर करून मशीनकडे बघितलं. पट्टीवर काळे ठिपके, अगदी कडेकडेनं, मलासुद्धा दिसले. मला वाटलं, आता झालं, आता हे बोलणार, आता घर डोक्यावर घेणार. तर हे व्याह्यांकडे वळून म्हणाले, "खोली छान आहे हो, थंडगार."

कपाळ माझं!

रस्त्यावर आल्या आल्या मी सुरू झाले. "दिसलं ना तुम्हाला?"

"दिसलं."

"मग तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"अगं, व्याह्यांच्या घरात उभं राहून, तुमच्याकडे बुरशी आहे, असं कसं म्हणायचं? त्यांचा अपमान होतो. आपल्या लेकीला त्याच घरात नांदायचंय."

"श्वास घेता आला तर नांदेल ना ती!"

लोक वळून बघायला लागले तसे हे पुढे चालायला लागले, मी मागून बोलत राहिले, असे आम्ही घरी आलो.

शेवटी ह्यांनी तोड काढली. जावयाला फोन केला. "सहज सर्व्हिसिंग करून देतो, जावईबापू. घरचंच काम." रविवारी आम्ही दोघं गेलो. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर आठी. "तुम्ही कशाला हो? आपण माणूस बोलावला असता की." जसं काही आमचे हे माणूस नव्हतेच. त्यांच्याकडे दुपारी पाहुणे यायचे होते, त्यामुळे घाई. लेकीला चहाच्या तयारीला आत पिटाळलं होतं, तिचा खोकला तेवढा भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

ह्यांनी काम मात्र मनापासून केलं. खाली काय उतरलं म्हणून सांगू! मी ह्यांच्या धंद्यातल्या पुष्कळ बादल्या बघितल्यात. अशी नव्हती बघितली. काळं, चिकट, वर तरंगणारे लगदे, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला. मला वाटलं, चला, बरं झालं, आता दाखवतील. तेवढ्यात विहीणबाईंची पावलं वाजली. आणि ह्या माणसानं, जगभराच्या नाकाखाली बादल्या धरणाऱ्या ह्या माणसानं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बादलीवर टाकला.

"किती घाण निघाली हो?" विहीणबाईंनी दारातून विचारलं.

"काही विशेष नाही," हे हसून म्हणाले. "थोडी धूळ होती."

आणि झाकलेली बादली उचलून मोरीत ओतून आले. वर दोन तांबे पाणी मारलं, डागसुद्धा ठेवला नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. खालून पाहुण्यांचे आवाज आले. व्याही म्हणाले, "झालं ना? मग लावा गार. मंडळी येतायत, घर दाखवायचंय त्यांना." मी म्हणाले, "अहो, वाळवायचं राहिलं ना अजून?" तर हे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हिला उगाच काळजी." विहीणबाई हसल्या. व्याही हसले. आणि आमच्या ह्यांनी, तासवाल्यांनी, स्वतःच्या हातानं रिमोट उचलून गारवा लावला. पंपाचं पाणी अजून आत ठिबकत होतं.

ह्यांच्याशी मी बोलणं टाकलं. जेवणाचं ताट समोर आदळायचे, बस्स.

लेकीला आठवडाभर बरं वाटलं. मग खोकला आला तो दुपटीनं. रात्री बसून काढायला लागली, छातीतून शिट्टी वाजायला लागली. आणि विहीणबाईंचा मला फोन. "एसी तर तुमच्या यजमानांनीच धुतला. त्यांनीच सांगितलं, धूळ होती नुसती. मग आता हे कशाचं? मी म्हणतच होते, मुळातलंच आहे."

"विहीणबाई, धूळ नव्हती ती. बुरशी होती. बादलीभर. मी डोळ्यांनी बघितली."

"मग ते खोटं बोलले म्हणता?" वर म्हणाल्या, "जाऊ दे हो. आईचं मन असतं. तिला महिनाभर घेऊन जा तुमच्याकडे. प्रकृती सुधारली की बघू."

बघू! म्हणजे काय बघू? सुधारली नाही तर काय करणार होतात? मी विचारलं तसं, पण फोन ठेवलेला होता.

लेक आली. जावयानं बॅग रिक्षातून उतरवली आणि मान खाली घालून गेला. आमच्या दोन खोल्या, वर छताचा पंखा, खिडकीत इस्त्रीचे कपडे. त्या हवेत माझी पोर दोन-चार दिवसांत सलग झोपायला लागली. छातीतली शिट्टी गेली. एका सकाळी मोरीत भांडी घासताना गुणगुणली, तेव्हा मी इस्त्री तशीच ठेवून रडले. गिऱ्हाइकाचा शर्ट थोडक्यात वाचला.

मी विहीणबाईंना कळवलं. मला वाटलं, आता तरी घोडं कुठं अडलंय ते कळेल. तर काय उत्तर आलं? "बघा. माहेरी बरी, सासरी आजारी. डॉक्टर नको ह्याला, मन लागत नाही तिचं इथे. नाटकं आहेत सगळी."

लेकीनं माझ्या हातातल्या फोनवरून ते ऐकलं. मग म्हणाली, "आई, मलाही कधीकधी तसंच वाटायला लागलं होतं. की मीच काहीतरी करतेय. बाबांनी सांगितलं ना, धूळच होती. बाबा कुणाला खोटं सांगत नाहीत."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. तोपर्यंत तिला सांगितलं नव्हतं, फोनवर विहीणबाई कायम शेजारी, आणि घरी आल्यावर म्हटलं, आधी पोर बरी होऊ दे. मी सगळं सांगितलं. ठिपके, बादली, टॉवेल, रिमोट. हे तेव्हा दारात चपला काढत होते.

लेक उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "खरं आहे का बाबा?"

हे चपला भिंतीशी सरळ लावत राहिले.

"लोकांच्या घरी तुम्ही भांडता. कोण कुठली माणसं, त्यांच्या फुफ्फुसांसाठी घसा फोडता. आणि माझी वेळ आली तेव्हा धूळ?"

"बाळ, तुझं तिथे बरं चालावं म्हणून मी…"

"मी तिथे बसून रात्री काढत होते बाबा. मला श्वास येत नव्हता. आणि सगळे म्हणत होते, तुझ्या वडिलांनीच सांगितलंय."

हे तिथेच, चपलांच्या शेजारी, जमिनीवर बसले. मला त्यांची दया आली नाही. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, बरं झालं, बसा.

सकाळी ह्यांनी धुतलेला शर्ट घातला, हत्यारांची पिशवी उचलली. मी दुकान बंद ठेवून मागोमाग निघाले. म्हटलं, पुन्हा शेपूट घातली तर ह्या वेळी ओढायला मी आहे. पण ह्या वेळी हे व्याह्यांच्या दिवाणखान्यात उभ्या उभ्याच बोलले. आवाज तो, गिऱ्हाइकांशी भांडतानाचा.

"मी त्या दिवशी खोटं बोललो. धूळ नव्हती. बुरशी होती, सगळी आत माखलेली. आणि वाळवलं नाही, म्हणून आता परत धरली असणार. माझ्या मुलीला काही झालेलं नाही. तुमच्या मशीननं तिला आजारी पाडलंय. आत्ता उघडून दाखवतो."

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्या दिवशी धूळ, आज बुरशी. मुलीवर बोल यायला लागले तेव्हा तुम्हाला बुरशी आठवली. कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा आम्ही?"

आयुष्यभर ह्या माणसानं खऱ्यापायी कामं घालवली. शिव्या खाल्ल्या, जिन्यात बसले, पण आपला शब्द खोटा आहे असं कुणाला म्हणू दिलं नाही. आणि जिथे त्या शब्दाची खरी गरज होती तिथे तो चालेना. स्वतःच मोडून ठेवला होता तो.

"उघडायची काही गरज नाही," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या घरात कसली बुरशी? रोज पुसून घेते मी."

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, लांबलेला, शेवटी शिट्टी असलेला. क्षणभर मला वाटलं, लेकच. पण लेक तर आमच्या घरी होती. दार उघडून जावई बाहेर आला, एक हात छातीवर, डोळे सुजलेले.

मी त्याच्याकडे बघितलं आणि मग विहीणबाईंकडे. "ही प्रकृती कुणाकडून आली हो, विहीणबाई? आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

त्यांनी माझं ऐकलंच नाही. त्या धावल्या त्याच्याकडे. "कधीपासून रे? बोलला का नाहीस? अगं बाई, म्हणजे एसीच की हा! अहो, बघत काय बसलात, काढा ते मशीन, आत्ताच्या आत्ता काढा! ही रात्र नको ह्याला त्या खोलीत!" व्याही डॉक्टरांना फोन लावायला लागले. ह्यांना झाकण उघडावंसुद्धा लागलं नाही. कुणाला पुरावा नको होता, कुणाला कुठलं वाक्य खरं ते विचारायचं नव्हतं. माझी लेक एवढे दिवस खोकली तेव्हा नाटक होतं. त्यांचा लेक एकदा खोकला आणि एसी दोषी ठरला.

मशीन त्याच दिवशी भिंतीवरून उतरलं. खिडकीपुढचं कपाट सरकवलं. नवा एसी आला, कंपनीचा माणूस आला, जावयाला औषधं सुरू झाली. विहीणबाईंनी मला फोन करून सगळं सांगितलं, आनंदानं, जणू काही मीही नाचायला हवं. "आता पाठवा हो तिला. आता काही काळजी नाही." एकदाही म्हणाल्या नाहीत की चुकलं आमचं. मी म्हणाले, "विचारते तिला."

तिला विचारायची वेळच आली नाही. जावयाचाच फोन आला. लेक पोरांसाठी कागदाची फुलं कापत बसली होती, तिनं फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला.

"झालं सगळं," तो म्हणाला. "नवीन लावलाय. खिडकीपण उघडते आता. कधी येतेस?"

"कोणाच्या खोकल्यासाठी लावला?"

"म्हणजे?"

"माझ्या, की तुझ्या?"

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. स्वच्छ होता, शिट्टीबिट्टी काही नाही. हे आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते.

"तू रोज रात्री शेजारी होतास," ती म्हणाली. "मी उठून बसायचे तेव्हा तू जागा असायचास. मला माहीत आहे, तू जागा असायचास. आईंना एकदाही म्हणाला नाहीस."

"अगं, आईला कसं… तिला वाईट वाटलं असतं."

लेकीनं कात्री खाली ठेवली. तिनं फोनकडे बघितलं नाही. तिनं मान वळवून दाराकडे, आपल्या बापाकडे बघितलं, आणि बघतच राहिली. ह्यांनी मान खाली घातली.

"हो," ती फोनमध्ये म्हणाली. "सगळ्यांना वाईट वाटलं असतं."

आणि फोन बंद केला.